होकाराचे पेढे

अल्फारेटा, जॉर्जिया
रविवार, १२ एप्रिल

प्रिय शोभना,

ठप्प. आधी अनवाणी पावलांची घाई, मग तो आवाज. फलटणच्या शाळेच्या मैदानावर खो-खोच्या खांबावर तुझा तळहात पडायचा, त्याचा. बाकीच्या मुली खांब धरून वळायच्या. तू त्याला चापट मारून वळायचीस, तो वाटेत उभा राहिलेला कुणी आगाऊ मुलगा असावा तशी. तू तेव्हा सातवीत, मी अकरावीत. कुंपणाबाहेर सायकलला टेकून मी उभा, हातात मराठीचं पुस्तक, कारण दुसऱ्या दिवशी वर्गात कविता म्हणून दाखवायची असायची. ओठांवर कविता आणि कानांत ते ठप्प. पुढे कित्येक वर्षं काही कविता मला त्या ठेक्याशिवाय आठवतच नसत.

आज दुपारी जेवून आडवा झालो होतो, तर तोच आवाज आला. उठून खिडकीशी गेलो. कोणतं गाव, कोणतं साल, क्षणभर काही उमजेना. मग गॅरेजच्या माथ्यावरची बास्केटबॉलची जाळी दिसली, समोरच्यांचं लठ्ठ कुत्रं दिसलं, आणि ड्राइव्ह-वेवर चेंडू आपटणारी आपली अनया दिसली. मी परत अमेरिकेत आलो, आणि ठरवलं की गेले दोन महिने जे पत्र मनात लिहितोय ते आज कागदावर उतरवायचं. तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. अगं, फोनवर तू बोलतेस आणि मी हुंकार देतो, ही आपली जुनी वाटणी आहे. आज मला बोलायचं आहे, आणि मध्येच कुणी 'बरं, गुडघा कसा आहे' असं विचारायला नको आहे. गुडघा बरा आहे.

मागच्या वेळी तू विचारलंस, अनया किती उंच झाली, आणि मी 'बरीच' म्हणून सुटलो. खरं उत्तर सहा फूट एक इंच. वय चौदा, दातांना तारा, हायस्कूलचं पहिलंच वर्ष, आणि सहा फूट एक इंच. मंजुषा म्हणते, 'आमच्या नागपूरच्या मामांकडून आलंय हे, तुमच्याकडून काय येणार.' सून खरं तेच बोलते. विनय दर चार महिन्यांनी लेकीला नवे बूट आणतो. मी पडलो पाच फूट चार. आम्ही दोघं दुकानात गेलो की लोक आधी वर बघतात, मग खाली बघतात, आणि मग फळं निवडायला लागतात.

ती नेम धरते आणि मी चेंडू आणून देतो. तुझी वहिनी वसुधा गेल्यापासून संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा हीच माझी नोकरी. या खेळात एक नेम असतो, कुणी आडवं न येता, रेघेवर उभं राहून शांतपणे टाकायचा. त्यातच ती चुकायची, कारण शांतता तिला सोसत नाही. मग मी तिला भुजंगप्रयात शिकवला. लगागा, लगागा. एक हलकी टप्पी, दोन भारदस्त, मग श्वास, मग चेंडू. लघु-गुरू म्हणजे काय हे तिला अजून कळलेलं नाही, पण दहापैकी आठ आत जातात. शाळेच्या कोचने विचारलं, हे कुठे शिकलीस, तर म्हणाली, 'इट्स माय ग्रँडफादर्स स्नेक थिंग.' भुजंग म्हणजे साप, हे मीच सांगून बसलो होतो. आपल्या गुरुजींनी वृत्तं पाठ करून घेताना माझ्या पाठीत किती रपाटे घातले, आणि त्याचा उपयोग कुठे व्हायचा होता बघ.

आता मुख्य हकिगत. इथल्या मोठ्या विद्यापीठांचे बास्केटबॉलचे संघ म्हणजे संस्थानिकांच्या तालमी समज. राजेसाहेबांनी पैलवान पोसावेत तसे ते खेळाडू पोसतात. चार वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण, सगळं त्यांच्याकडे. चांगला खेळाडू शेजारच्या तालमीने नेऊ नये म्हणून ते शोधायला लवकर निघतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी निघतो, त्यामुळे हल्ली ते चौदा-चौदा वर्षांच्या पोरांपर्यंत येऊन पोचलेत. अनयाच्या सामन्यांना भिंतीकडेच्या घडीच्या खुर्च्यांवर तीन-चार माणसं येऊन बसू लागली. छातीवर विद्यापीठाचं नाव भरलेला शर्ट, मांडीवर वही. हसायचं नाही, टाळी वाजवायची नाही. मुलगी लहान म्हणून तिच्याशी बोलायचं नाही, घरी फोन करायचा नाही, घरी यायचं तर मुळीच नाही, असा काहीतरी नियम. मग ते तिच्या कोचला गाठून विचारतात. आई किती उंच, मामा किती उंच, मुलगी अभ्यासात कशी, उलट बोलते का, घरची माणसं कशी आहेत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आवरेना. म्हटलं, हे तर आपलंच, फक्त पोहे नाहीत. एकदा मी मुद्दाम त्यांच्यासमोरून दोन फेऱ्या मारल्या. एकाने वहीत काहीतरी खोडलं, असं मला उगीच वाटलं.

फेब्रुवारीत एके दिवशी कोचने निरोप दिला: अमुक नंबरवर अनयाने आज सहा वाजता फोन करावा. त्यांनी करायचा नाही, हिने करायचा; मग म्हणे चालतं. आम्ही सगळे स्वयंपाकघरात, फोन ओट्यावर, स्पीकर चालू. पलीकडे डॉसनबाई, शेजारच्या राज्यातल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या मुख्य कोच. आवाज असा की बाई जन्मभर मैदानाच्या पलीकडच्याच माणसाशी बोलत आल्या असाव्यात. त्या म्हणाल्या, 'अनया, वी वॉन्ट यू. फुल स्कॉलरशिप.' ही म्हणाली, 'ओके. थँक यू, कोच.' फोन संपला. मंजुषा बुटांच्या बाकावर बसली ती बसलीच. विनयच्या हातात उलथनं होतं, ते तसंच हवेत. अनयाने आमच्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, 'कॅन आय हॅव सिरिअल?'

विनय मला समजावून सांगायला लागला. 'बाबा, इट्स ओन्ली ॲन ऑफर. कागदावर काही नसतं. शेवटच्या वर्षापर्यंत कुणी साइन करत नाही. दे कॅन चेंज, वुई कॅन चेंज.' यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. पुढची चालू होती तेव्हा मी गाडीची किल्ली शोधत होतो.

आपल्या घरात चांगली बातमी आधी तोंडात जाते, मग कानात, हे तुला काय सांगायचं. इथल्या देशी दुकानात पेढे मिळतात. खव्यापेक्षा दुधाची पावडर जास्त, पण वर पिस्त्याचे काप असतात. दुकानदार म्हणाला, 'काय काका, नात झाली वाटतं.' म्हटलं, होऊन चौदा वर्षं झाली, आज फळाला आली. सहा डबे घेतले. शनिवारी सामना होता. मी जो कुर्ता फक्त गणपतीत घालतो तो घातला आणि तासभर आधी जिममध्ये दाखल झालो. अनया कपडे बदलायच्या खोलीत, विनय-मंजुषा गाडी लावायला जागा शोधतायत. मला अडवणारं कुणी नव्हतं. खेळाडूंच्या आया, तिकिटं फाडणारी मुलगी, दोन्ही पंच, फरशी पुसणारे लेरॉयसाहेब, कुणाला सोडलं नाही. मग घडीच्या खुर्च्यांकडे वळलो. एक शर्टवाला 'सर, वी कान्ट' म्हणत हात मागे घेऊ लागला. मी तो हात धरला, उलटा केला, आणि त्यावर पेढा ठेवला. काय निमित्त, असं जो विचारील त्याला विद्यापीठाचं नाव घेऊन सांगत होतो, 'शी इज गोइंग देअर. इट इज डन.' त्या दिवशी माझी उंची सहा फूट दोन इंच होती.

अनयाच्या संघातल्या एका मुलीची आई आहे, केली म्हणून. मनाने फार चांगली. तिने डबा पुढे केलेला माझा फोटो काढला, खाली अभिनंदन लिहिलं आणि फोनवरून जगाला दाखवला. मध्यंतरापर्यंत दोन शर्टवाले खुर्च्या मिटून निघून गेले, कारण ठरलेल्या मुलीवर कोण वेळ घालवणार. संध्याकाळपर्यंत इंटरनेटवरच्या कुठल्याशा यादीत अनयाचं नाव, उंची, वर्ष आणि समोर 'कमिटेड' हा शब्द. म्हणजे शब्द दिला. त्या विद्यापीठाचे चाहते तिचं स्वागत करत होते. एका गृहस्थाने लिहिलं होतं की आमच्या संघाला तारा लावलेल्या दातांची नव्हे, तीन वर्षांनी मोठ्या मुलीची गरज आहे. शोभना, त्या गृहस्थाचं नाव मी लिहून ठेवलं आहे.

परतताना गाडीत तिने हे सगळं पाहिलं. मी पुढच्या सीटवर, ती मागे, गुडघे माझ्या पाठीला लागलेले. रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, 'आजोबा, डिड आय से येस?' मी म्हटलं, 'अगं, पण एवढं चांगलं विद्यापीठ...' 'नो, आजोबा. डिड आय से येस?' मंजुषा म्हणाली, 'बाबा, मला तरी विचारायचं होतंत. मागणी आली आणि ठरलं यात काही फरक आहे की नाही?' विनयने फक्त रेडिओ बंद केला, आणि त्याचं मला सगळ्यात जास्त लागलं.

पुढचे नऊ दिवस अनया माझ्याशी सभ्यपणे वागली. रागावली असती तर सोसलं असतं. 'गुड मॉर्निंग, आजोबा.' 'एक्सक्यूज मी, आजोबा.' साडेपाचला चेंडू घेऊन बाहेर जायची आणि स्वतःचा चेंडू स्वतः धावत जाऊन आणायची. मी खिडकीत. लगागा सोडून दिलं होतं तिने, आणि दहातले चारच आत जात होते; तेही मी मोजले. तिकडे तिच्या कोचला फोनवर फोन: डॉसनबाई खूश आहेत, पण मुलगी स्वतः का बोलत नाही. आणि मंजुषाच्याही मनात चलबिचल होती, हे मला दिसत होतं. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, 'आता जगाला कळलंच आहे तर हो म्हणून टाकावं का, बाबा? वाईट काय आहे त्यात?' चौदा वर्षांच्या पोरीचा होकार तिच्याशिवाय पिकत चालला होता, आणि आढी मी घातली होती.

दहाव्या दिवशी मी बूट घालून बाहेर गेलो. चेंडू कुंपणापाशी गेला होता, तो आणून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, 'मी चुकलो. मी तुला विचारलं नाही. आता विचारतो, तुला काय हवंय?' ती म्हणाली, 'आय डोन्ट नो.' मी थांबलो. थांबणं मला कठीण, तुला माहीत आहे. मग हळूहळू निघालं. खेळ आवडतो. डॉसनबाईही आवडल्या. पण समुद्रातल्या प्राण्यांचं काहीतरी शिकावं असंही वाटतं, आणि पुढच्या वर्षी काय वाटेल ते ठाऊक नाही. 'कॅन आय जस्ट नॉट नो फॉर अ व्हाइल?' असं तिने मला विचारलं. जणू न ठरवण्याची परवानगी मी देणार होतो. मी तिला माझी एक जुनी गोष्ट सांगितली. कोणती ते लिहितोच.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः डॉसनबाईंना फोन लावला. आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, पण दार किलकिलं ठेवलं, त्यामुळे आम्ही ऐकावं अशीच तिची इच्छा होती असं मी धरलं. म्हणाली, 'कोच, ते पेढे माझ्या आजोबांनी वाटले. मी अजून ठरवलेलं नाही. मला अकरावीत ठरवायचंय.' अर्थात इंग्रजीत, आणि माझ्यापेक्षा कितीतरी नेटक्या शब्दांत. बाई म्हणाल्या की एकवीस वर्षांत 'मला माहीत नाही' असं त्यांना सांगणारी ही पहिलीच मुलगी. जागा राखून ठेवीन असं वचन मात्र देता येणार नाही. अनया म्हणाली, 'दॅट्स फेअर.' मग ती बाहेर आली. मंजुषाने तिला जवळ घेतलं, म्हणजे तिच्या बरगड्यांना मिठी मारली, आणि एवढंच म्हणाली, 'झालं ते झालं, जेवून घे.' पोरीने माझ्याकडे बघून म्हटलं, 'आजोबा, बॉल.' मी धावलो. गुडघा बरा आहे असं वर लिहिलं ते त्या दिवसाच्या अनुभवावरून.

यादीतून तिचं नाव गेलं. दोन-चार चाहत्यांनी वाईटसाईट लिहिलं, मग विसरले. आणि मार्चच्या मध्यावर विनयने नाश्त्याला फोन पुढे केला. विद्यापीठाने डॉसनबाईंना आणि त्यांच्या सगळ्या माणसांना काढून टाकलं होतं. सलग दोन वर्षं संघ हरला, एवढं कारण. ज्या चार मुलींनी चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्यांना शब्द दिला होता, त्यांचा शब्द घ्यायला आता तिथे कुणीच नव्हतं. मंजुषा हळूच म्हणाली, 'बरं झालं गं बाई,' आणि विनय म्हणाला, 'सी?' मला वाटलं अनया सुटल्यासारखी हसेल. ती उठून खोलीत गेली आणि एक कार्ड लिहून आणलं. तुमची नोकरी गेली याचं वाईट वाटतं. मला माहीत नाही असं मी म्हणाले तेव्हा तुम्ही माझ्याशी चांगलं वागलात. एवढंच. विद्यापीठाच्या पत्त्यावर टाकलं. ते पुढे कुणी पोचवलं की केरात गेलं, कळायला मार्ग नाही.

आता ती जुनी गोष्ट. तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून कधी ऐकलेली नाहीस. अडुसष्ट सालचा जून. तुझा अकरावीचा निकाल लागलेला, तू खो-खोची कप्तान, आणि तुमच्या खेळाच्या बाई तुला अमरावतीला खेळाचं शिक्षण घ्यायला पाठवा म्हणून वडिलांना दोनदा भेटून गेलेल्या. फॉर्म तू भरून ठेवला होतास. मी पाहिला होता, तुझं ते तिरकं अक्षर. आणि तुला आधी बघून गेलेले बारामतीचे पाहुणे परत आले. म्हणाले, मुलगी पसंत आहे, घरात विचार करून कळवा. वडील कामाला साताऱ्याला गेलेले, आई आत, तू मैदानावर. एकवीस वर्षांचा मी, घरातला कर्ता पुरुष असल्याचं अंगात आलेलं. म्हटलं, कळवायचं काय त्यात, आमचा होकारच आहे. पाहुणे एसटी स्टँडवर पोचायच्या आत मी बाजारातून पेढे आणले आणि सगळ्या आळीत वाटले. संध्याकाळी वडील उतरले तेव्हा आपल्या दारापर्यंत पोचेस्तोवर सहा जणांनी त्यांचं अभिनंदन केलं होतं. पेढे गावाच्या पोटात गेल्यावर ते नाही कसं म्हणणार. तू घामाने निथळत घरी आलीस, आईने तुझ्याही हातावर पेढा ठेवला, आणि तू तो खाल्लास. त्यानंतर तो फॉर्म मला कधी दिसला नाही.

तुझं वाईट झालं असं मला मुळीच म्हणायचं नाही. माधवरावांसारखा माणूस शोधून मिळाला नसता, आणि बारामतीच्या शाळेच्या मैदानावर पन्नाशी उलटेपर्यंत तू मुलींना पळवत होतीस, शिट्टी स्वतःची आणि पगार नाही. चांगलं झालं, म्हणूनच मी विचारलं नाही. विचारायचं राहूनच गेलं, आणि मग विचारण्याचं वय गेलं असं मी स्वतःला सांगितलं. हे सगळं मी अनयाला त्या दहाव्या दिवशी सांगितलं. मला वाटलं, आजोबाची जुनी खोड आहे म्हणून ती हसेल, आणि मी स्वस्तात सुटेन. तिने चेंडू काखेत धरला आणि विचारलं, 'सो व्हॉट डिड शोभनाआजी वॉन्ट?' अठ्ठावन्न वर्षं झाली, शोभना. 'मला माहीत नाही,' मी म्हटलं. ती म्हणाली, 'यू शुड आस्क हर.' म्हणून हे पत्र. तुला काय हवं होतं? अमरावती हवं होतं का? 'आता काय त्याचं' असं लिहू नकोस, मी वाचणार नाही. हवं तर रागाने लिही, पण लांबलचक लिही. माफी मी त्यानंतर मागेन. आधी मागितली तर तू 'जाऊ दे रे' म्हणशील आणि परत माझंच बोलणं शेवटचं ठरेल.

या वेळी उत्तरासाठी थांबलेला,
तुझाच,
गुरुदादा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच बेल वाजली, म्हणून समासात लिहितोय. घरात मी आणि अनयाच. तिने दार उघडलं. खिडकीतून मला एक उंच, पिकल्या केसांची बाई दिसतेय, अंगात साधा स्वेटर, त्यावर कुठलंही नाव नाही. तोंड बघून ओळखलं नाही, आवाज ऐकून ओळखलं, डॉसनबाई. कार्ड पोचलं म्हणतायत. अटलांटाला बहिणीकडे निघाल्या होत्या, वाट वाकडी करून आल्या. आता त्यांना कुठलाच नियम लागू नाही, कुणाच्याही दारात उभं राहता येतं. तरी उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्यात आणि अनयाला विचारतायत, 'इज धिस अ गुड टाइम? यू कॅन से नो.' मला इथूनच 'या, या, बसा' म्हणून ओरडावंसं वाटतंय. पण अनया विचार करते आहे, आणि मी गप्प बसलो आहे.